एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर

मी एक जुनी गादी आहे. थांबा मित्रांनो, लगेच आडवे पडू नका! मी झोपायची नव्हे, खांद्यावर घ्यायची गादी आहे. लांबीरुंदीला जेमतेम एक वीत, पण परदेश पाहून आले आहे.

माझा जन्म नागपूरजवळच्या वाडीतला. तिथल्या गोदामात धम्मानंद हमाली करायचा. पोत्यांनी त्याचा खांदा सोलून निघायचा, म्हणून त्याच्या बायकोने, सरिताने, जुन्या पँटचे सहा थर टाचून मला शिवलं. अकरा वर्षं सिमेंट, तांदूळ, खत, काय काय पेललं मी! ट्रक रिकामा झाला की तो मला झटकून म्हणायचा, "तू हाय म्हणून खांदा हाय माहा." असं कौतुक कुणाला नको असतं?

मग त्याचा खांदाच दुखावला. धंतोलीच्या डॉक्टरांनी ओझं उचलायला बंदी केली आणि मी खुंटीवर धूळ खात लटकले.

त्यांची मुलगी उत्तरा पोलिसात लागली आणि तिथल्या नेमबाजी संघात गेली. तिचा खेळ ट्रॅप. समोरच्या खड्ड्यातून मातीची केशरी चकती सुसाट सुटते, कुठल्या बाजूला ते आधी ठाऊक नसतं, आणि ती हवेतच फोडायची असते. बंदुकीच्या धक्क्याने पोरीचा खांदा आठवड्यात काळानिळा झाला. सरिताने मला खुंटीवरून काढलं, चार थर उसवले, वर मऊ चामडं लावलं आणि लेकीच्या जाकिटाला बटणांनी बसवलं. सहा वर्षं आम्ही दोघींनी मैदानं गाजवली.

मग परदेशात होणाऱ्या अनेक देशांच्या क्रीडास्पर्धेसाठी उत्तराची निवड झाली. संघाला नवीकोरी जाकिटं मिळाली, खांद्यावर दोन बोटं जाड फोम. उत्तराने मला बॅगेच्या तळाशी सारलं. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटलं.

दोन दिवसांत सव्वाशे चकत्या, आणि त्यातून फक्त सहा जणी अंतिम फेरीत जाणार. पहिल्या दिवशी पंचाहत्तरपैकी नऊ हुकल्या आणि उत्तरा सोळाव्या क्रमांकावर घसरली. संध्याकाळी तिने घरी फोन लावला.

"बाबा, नेम वरून जाऊन राहिला. काय चुकते, समजतच नाही."

"माही गादी कुठं हाय?" धम्मानंदने विचारलं.

"बॅगेत."

"काहून वं?"

"सगळ्यायचे जाकिटं नवे हायेत, बाबा. मले लाज वाटली."

तो रागावला नाही. "पोतं एक बोट इकडंतिकडं बसलं तं चालता येत नाही, पोरी. तुह्या बंदुकीचंही तसंच असन. रोज जिथं बसते, तिथंच बसू दे तिले."

बापाने अचूक दुखणं ओळखलं होतं. जाड फोममुळे बंदूक रोजच्या जागी बसतच नव्हती! उत्तराने फोम उसवला आणि मला तिथे शिवलं. टाके वाकडेतिकडे, आईच्या हाताची सर कुठली!

सकाळी पंचांनी मला उलटून-पालटून पाहिलं आणि परवानगी दिली. शेजारची एक नेमबाज मला बघून हसली. हस बाई, म्हटलं, दोन तास थांब.

त्या दिवशी पन्नासपैकी एकोणपन्नास चकत्यांवर नेम धरून झाला, तेव्हा एकच हुकली होती. आता शेवटची फुटली तर सहावी जागा, नाहीतर घरचा रस्ता. बंदूक माझ्यावर येऊन टेकली, अगदी रोजच्या जागी. उत्तराने आवाज दिला. चकती डावीकडे निसटली. धाड! केशरी धूळ उडाली. अंतिम फेरीत तर ती तिसरी आली. कांस्यपदक! आनंदाने मी सगळे वाकडे टाके माफ केले.

नागपुरात सत्कार झाला. प्रशिक्षक सुमंत सर म्हणाले, "पदकासोबत ही गादीही काचेच्या पेटीत ठेवू या." टाळ्या पडल्या, पण मी मनात म्हटलं, झालं! पुन्हा खुंटी!

उत्तरा उठली. "पदक ठेवा ना सर काचेत. गादी मले उद्या सकाळी सरावाले लागते."

पहिल्या रांगेत धम्मानंद मनापासून हसला, आणि त्याचा हात आपोआप उजव्या खांद्यावर गेला.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. पण जपणं म्हणजे बंद करून ठेवणं नव्हे. उसवली तर टाका घाला, मळली तर पुसा, आणि तिच्याकडून काम घ्या. चला, उत्तराने जाकीट चढवलं आहे. मला कामावर जायचं आहे.