अंड्यातले खिळे आणि मेणाचा ठिपका

मांत्रिक करियोबाबांनी अंडं बशीत फोडलं आणि बलकातून तीन गंजके खिळे बाहेर पडले. अंगणातली चाळीस माणसं बशीवर झुकली. आमच्या लासेम गावाने त्या दिवशी अक्कल गहाणच टाकली.

"डोकं दुखेल नाही तर काय?" बाबा म्हणाले. "घरातल्याच बाईची करणी. तिच्या गालावर तीळ आहे."

तीळ माझ्या गालावर. डोकं माझ्या जाऊबाईंचं, सुमिराचं. वीस वर्षं एकाच मेणाच्या कढईशी बसून आम्ही कापडावर बाटिकची मेणनक्षी काढली, आणि आता मी चेटकीण. तिने माझ्याशी बोलणं टाकलं. मला रडू आलं, त्याहून जास्त राग आला.

तिची लेक रत्ना हट्टी. तिने आईला मोबाइलपुढे बसवलं. पडद्यावर सेमारांग शहरातल्या डॉक्टरीणबाई आल्या.

"एकाच बाजूला ठणकतं? उजेड सोसत नाही? मळमळतं?"

सुमिरा चपापली. "तुम्ही न तपासताच कसं ओळखलंत?"

"ही अर्धशिशी, ताई. नेहमीचं दुखणं आहे."

"मग बाबांनी फोडलेल्या अंड्यातून खिळे कसे निघाले? अंडं माझ्याच कोंबडीचं होतं. बाबांनी फक्त मंत्र घालायला पडद्याआड नेलं."

"पडद्याआड का बरं? पुढच्या वेळी अंड्यावर खूण करून न्या. बाबांना दिसणार नाही अशी."

हे बाटिकवालीला शिकवावं लागत नाही. पांढऱ्या अंड्यावर तिने पांढऱ्या मेणाचा बारीक ठिपका दिला.

शुक्रवारी ते अंडं बाबांकडे नेलं, आणि पुन्हा खिळे निघाले. सुमिराने कवचाचा तुकडा न् तुकडा वेचला आणि सगळ्यांदेखत सोबत आणलेल्या निळ्या रंगात टाकला. मेण असतं तिथे रंग धरत नाही. पण सगळे तुकडे निळेशार.

"हे माझं अंडं नाही, बाबा."

रत्नाने पडदा ओढला. मागे टोपलीत अंडी होती. ती बुडवली, तर एकावर पांढरा ठिपका राहिला. बाकीच्यांच्या बुडाला भोकं, पिठाच्या खळीने बुजवलेली; फोडली तर आत खिळे.

"मेणामुळे मंत्र उलटला," बाबा पुटपुटले.

"आणि पिठामुळे सुलटा होतो?" मी विचारलं. अंगण हसलं. बाबांनी काढता पाय घेतला.

सुमिरा माझ्यापाशी आली. "मी तुला चेटकीण म्हटलं," एवढंच बोलून रडली. मीही रडले.

आता ती वेळेवर गोळी घेते, उपाशी राहत नाही, कधी दुखलं ते वहीत लिहून डॉक्टरीणबाईंना दाखवते. दुखणं गेलं नाही, पण कमी झालं. तुमचंही डोकं दुखेल, तेव्हा डॉक्टरला विचारा. आणि कुणी घरातल्या बाईकडे बोट दाखवलं, तर पुरावा मागा. तो मिळेपर्यंत तिच्याशी बोलणं सोडू नका.