घोडीवर अमृतराव

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात पुढारी अमृतरावांनी उदगिरात विशेष मुलांसाठी घोडेस्वारीचं उपचार केंद्र काढलं. घोडी ख्वाजाभाईंची, एरवी वरातीत चालणारी. उमादेवींची सात वर्षांची जगदेवी बोलत नव्हती, तिला आवाज सोसत नव्हता. पण उद्घाटनाआधीच पंधरा दिवस त्या घोडीवर बसून ती शांत झोपू लागली होती.

उद्घाटनाच्या दिवशी धूळ उडू नये म्हणून मैदानावर अख्खा टँकर रिकामा केला. ख्वाजाभाईंनी घोडीसाठी बादलीभर पाणी मागितलं, तर कार्यकर्ता म्हणाला, "न्हाई, पाहुण्यांचं हाय."

मग बँड वाजला. कर्ण्यातून अमृतराव गरजले, "या लेकरांना गोंगाट सोसत न्हाई! उदगीर जिल्हा झाला की गावोगावी घोडे देऊ!"

जगदेवी कान दाबून किंचाळू लागली. उमादेवी रडकुंडीला येऊन मंचापाशी गेल्या. "साहेब, आवाज लई व्हायलाय."

"बघा," अमृतराव माईकवरच म्हणाले, "माउलीच्या डोळ्यांत आनंदाश्रू!" टाळ्या पडल्या.

फोटोसाठी ते स्वतःच घोडीवर चढले आणि म्हणाले, "पोरीला जवळ आणा."

"आधी तुम्ही उतरा," उमादेवी म्हणाल्या. "उपचार तिचा हाय."

लोक हसले. अमृतरावही हसत हसत उतरले, पण त्यांचे कान लाल झाले होते. ख्वाजाभाईंनी जगदेवीला घोडीवर बसवलं आणि कुणालाही न विचारता मैदानाबाहेर नेलं.

केंद्र आठवड्यात बंद पडलं. जगदेवी रोज सकाळी ख्वाजाभाईंच्या अंगणात जाऊ लागली.