मराठीचे कार्ड माझ्यात बसले नाही

मी एक जुना लॅपटॉप आहे, असे म्हणताना मला संकोच वाटतो. जुना होण्याइतके काम माझ्या हातून झालेले नाही. माझ्या अंगावर ओरखडा नाही, बिजागऱ्या अजून घट्ट आहेत. तरीही माझे आयुष्य संपले आहे. मित्रांनो, ते तुम्हांला सांगावे की नाही, यावर मी बरेच दिवस विचार केला. सांगायचे मराठीत, आणि मला तर मराठीचे एक अक्षरही कधी उमटवता आले नाही. पण माझ्या आयुष्यात घडले ते एवढेच, म्हणून सांगतो.

परदेशातल्या एका कारखान्यात, पांढरे हातमोजे घातलेल्या माणसांनी मला बनवले. १९९३ साली मी भाईंदरला मितेशच्या दुकानात आलो. तिथे मी काचेच्या कपाटात एकटा होतो. खाली जमिनीवर असेंबल्ड संगणक मांडलेले असत. डबा एका कंपनीचा, पडदा दुसऱ्या कंपनीचा, आतले भाग आणखी कुठले. त्यांची झाकणे बहुधा उघडीच असत आणि वायरी बाहेर लोंबत. माझ्या किमतीत तसे तीन आले असते. मला तेव्हा याचा अभिमान होता.

मला विकत घेतले काशीनाथरावांनी. ते गिरगावातली खोली विकून मीरा रोडला राहायला आले होते आणि त्याच वर्षी नोकरीतून निवृत्त झाले होते. त्यांची मुलगी निशिगंधा बावीस वर्षांची. मराठी टंकलेखनाच्या परीक्षेत ती ठाणे जिल्ह्यात दुसरी आली होती. जवळच्याच हाटकेश भागात एका गाळ्यात हरिश्चंद्र नावाच्या माणसाचा छोटा छापखाना होता. तो तिला म्हणाला होता, "तू मशीन घे, मराठीचं कार्ड मी देतो. दहावीच्या गाइडांचं वर्षभराचं काम घरबसल्या तुझं."

निशिगंधाला त्या कामाची फार निकड होती. काशीनाथरावांच्या बहिणीचे यजमान, ज्यांना ते दाजी म्हणत, त्यांनी सफाळ्याचे एक स्थळ आणले होते. माणसे खातीपिती होती, पण सुनेने नोकरी करायची नाही, असे त्यांचे म्हणणे होते. निशिगंधाने वडिलांकडून शब्द घेतला होता. दिवाळीच्या आत तिचे काम सुरू झाले, तर स्थळाला नकार कळवायचा, नाहीतर तिने होकार द्यायचा.

तिने वडिलांना असेंबल्ड संगणकच घ्यायला सांगितले होते. पण दाजींनी ते ऐकले आणि ते हसले. "दहा ठिकाणचे तुकडे आणून जोडलेलं यंत्र? म्हणजे गोधडीच की, काशीनाथराव! एकुलत्या एक मुलीला गोधडी देणार?"

काशीनाथराव मऊ स्वभावाचे होते. असे बोलणे त्यांना फार लागे. दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता ते दुकानात आले आणि सर्वांत भारी वस्तू दाखवा म्हणाले.

मितेशने विचारले, "अंकल, काम काय करायचा हाय याच्यावर?"

"माझ्या मुलीसाठी आहे," काशीनाथराव म्हणाले.

प्रश्न काय होता आणि उत्तर काय दिले, हे मी कपाटातून ऐकले. मला ते खटकायला हवे होते. पण आपण निवडले गेलो, या आनंदात मी होतो.

घटस्थापनेच्या दिवशी मला पाटावर ठेवून माझी पूजा झाली. निशिगंधाच्या आईने, उर्मिलाबाईंनी, माझ्या झाकणाला हळदकुंकू लावले. सगळी बिल्डिंग मला बघायला आली. काशीनाथरावांनी दोन किलो पेढे वाटले. सोसायटीचे सेक्रेटरी उत्तमराव मला दोन्ही हातांवर तोलून म्हणाले, "वा, एवढुसं! मीरा रोडला असलं दुसरं कुणाकडे नसेल." निशिगंधाही हसत होती. पण मला उघडल्यावर तिने माझ्या मागच्या बाजूवरून हलकेच बोट फिरवले. ती काहीतरी शोधत होती. तिला ते सापडले नाही, आणि वडिलांचा चेहरा बघून ती पुन्हा हसली.

दोन दिवसांनी हरिश्चंद्र आला. त्याच्या हातात ते कार्ड होते. वीतभर लांबीची एक हिरवी पट्टी, तिच्यावर काळ्या चौकोनी चिपा. ती संगणकाच्या डब्यात, आतल्या खाचेत बसवायची असते. ती बसली की पडद्यावर मराठी अक्षरे येतात. त्याच्या छापखान्यातले सगळे काम त्या कार्डावरच चाले.

त्याने मला उलटे केले, सुलटे केले. मग कार्ड माझ्याशेजारी ठेवले. ते जवळजवळ माझ्या रुंदीइतके लांब होते.

"काका," तो म्हणाला, "हे घालू कुठे?"

"कुठेतरी जागा असेलच की. लाखाची वस्तू आहे."

"लाखाचीच आहे हो. पण यात खाच नाही. हे उत्तम इंग्रजी लिहील. मराठी नाही लिहिणार."

त्या क्षणी मला काय वाटले, ते सांगणे अवघड आहे. माझ्यात दोष नव्हता. कारखान्यातल्या कुणीच मला बनवताना या मुलीचा विचार केला नव्हता, एवढेच.

"कोजागिरीपर्यंत थांबतो," जाताना हरिश्चंद्र निशिगंधाला म्हणाला. "त्यापुढे मला नाही थांबता येणार, ताई. गाइडं परीक्षेच्या आत बाजारात यायला लागतात."

मित्रांनो, अजूनही काही बिघडले नव्हते. म्हणूनच पुढचे सांगणे मला जड जाते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बापलेक मला पिशवीत घालून भाईंदरला निघाले. फाटकातच उत्तमराव भेटले. "काय काशीनाथराव, बिल्डिंगची शान घेऊन कुठं निघालात?"

"जरा... सर्व्हिसिंगला."

"एवढ्यात? पंधरा दिवस नाही झाले पेढे खाऊन!" उत्तमराव मोठ्याने हसले. काशीनाथराव हसले नाहीत.

मितेशने मला तपासले. "अंकल, खोललेला माल नवा नाय होत. पण तुमच्यासाठी अर्ध्या भावात ठेवून घेतो. बदल्यात असेंबल्ड घेऊन जा. तुमचा कार्ड बसेल, वर प्रिंटर पण येईल. बेन, तुम्ही बघा ना चालवून."

दुकानातल्या एका उघड्या डब्यात तसलेच कार्ड बसवलेले होते. निशिगंधा त्याच्यासमोर बसली. तो डबा पंख्यासारखा घरघरत होता. तिची बोटे धावू लागली आणि पडद्यावर भराभर मराठी ओळी आल्या. मध्येच यंत्र अडकले. मितेशने डब्यावर एक थाप मारली, ते पुन्हा सुरू झाले. निशिगंधा मोकळेपणाने हसली. माझ्यासमोर ती तशी कधी हसली नव्हती.

"बाबा, देऊन टाकू या. मला हेच हवंय."

"अर्ध्या किमतीत?"

"पण माझं काम होतंय ना!"

"आणि बिल्डिंगमध्ये काय सांगू? दाजींना काय सांगू? नवरात्रात आणलं आणि दसऱ्याला विकलं? लोक तोंडावर विचारतील, निशी."

"विचारू देत. दोन दिवस विचारतील."

काशीनाथरावांचा हात माझ्या पिशवीच्या पट्ट्यावर होता. तो सैल झाला, हे मला कळले. मग तो घट्ट झाला, हेही कळले. ते म्हणाले, "वस्तू अस्सल आहे. काहीतरी मार्ग निघेल. घाई नको."

निशिगंधा उठली. परतीच्या वाटेवर रिक्षात मिठागरांवरून खारा वारा येत होता, आणि काशीनाथरावांनी मला तो लागू नये म्हणून पिशवी छातीशी धरली होती.

मार्ग निघाला नाही. कोजागिरी झाली. काम तिसऱ्या मजल्यावरच्या शुभदाला मिळाले. तिच्या भावाने तिला असेंबल्ड संगणक जोडून दिला होता. तो तापे, म्हणून त्याच्यावर टेबलफॅन लावून ठेवावा लागे. पण त्या वर्षीची गाइडे त्याच्यावरच तयार झाली. मार्गशीर्षात निशिगंधाचे सफाळ्याला लग्न झाले. शब्द तिने घेतला होता, म्हणून तो तिलाच पाळावा लागला.

मग मी दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये गेलो. उर्मिलाबाईंनी विणलेले पांढरे आवरण माझ्यावर आले. काशीनाथराव मला रोज मऊ फडक्याने पुसत. सुरुवातीला कधी मला उघडून इंग्रजीत पत्र लिहायला बसत, दोन ओळींवर थांबत. पुढे तेही थांबले. न वापरल्यामुळे माझी बॅटरी मेली, मग आतले भागही गेले. त्यांचे पुसणे मात्र एक दिवसही चुकले नाही.

मी किमतीला लायक होतो का, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला. जो माणूस रोज गावोगाव फिरतो, विमानात बसून हिशेब करतो, त्याच्या मांडीवर मी कदाचित लायक ठरलो असतो. या घरात नाही. थाप मारली की चालणारा तो डबा या घरात माझ्याहून मोलाचा होता.

गेल्या महिन्यात निशिगंधा माहेरी आली होती. तिच्यासोबत तिची चार वर्षांची मुलगी, नेत्रा. नेत्राने मला बघायचा हट्ट धरला, म्हणून निशिगंधाने मला बाहेर काढले. वायर लावली. मी उजळलो नाही. नेत्राने दोन कळा दाबल्या आणि कंटाळून ती खेळायला गेली.

निशिगंधा मात्र बसून राहिली. मग तिने दोन्ही हात माझ्यावर ठेवले आणि न बघता लिहू लागली. बोटे हळू निघाली, मग वेगाने धावली. कोणत्या कळा दाबल्या गेल्या ते मला ठाऊक आहे. त्यांचे मराठीत काय होते, ते मला कधीच कळणार नाही.

काशीनाथराव दारात उभे होते. "काय लिहिलंस गं?"

"काही नाही, बाबा. बोटं विसरली का, ते बघत होते."

"मग?"

"नाही विसरली."

ती उठली. आवरण तिने माझ्यावर नीट, चारी कोपरे ओढून घातले. काशीनाथराव फडके हातात घेऊन आले, पण त्यांनी मला पुसले नाही. तसेच उभे राहिले.

मित्रांनो, माझी निगा राखा, अशी विनंती मी तुम्हांला करणार नाही. ती माझी भरपूर राखली गेली. कुणासाठी काही आणाल, तेव्हा दुकानात जाण्याआधी त्याला विचारा, तुला काय हवे आहे. आणि चुकून माझ्यासारखे काही घरात आलेच, तर पेढे वाटून झाले असले तरी, मिळेल त्या भावात ते देऊन टाका.