दीपगृहाचा देखावा

कोथरूडच्या त्या सोसायटीत गणपतीचा देखावा म्हणजे इभ्रतीचा प्रश्न. यंदा भाग्यश्रीने कोकणातल्या एका जुन्या बंदरातल्या दीपगृहाचा इतिहास सुचवला आणि निवेदनही तिनेच लिहायला घेतलं. इतिहास घरबसल्या मिळाला होता. तळमजल्यावरच्या अख्तरबानूंचे अब्बा त्या दीपगृहाचे शेवटचे रखवालदार. एका वादळात दिव्याचं भिंग फिरवणारं यंत्र बंद पडलं, तेव्हा त्यांनी उजाडेपर्यंत ते हाताने फिरवलं, आणि सगळ्या बोटी सुखरूप बंदरात आल्या. हे सांगताना अख्तरबानूंचा ऊर भरून यायचा.

"सगळ्या आल्या? मग लोकांनी बघायचं काय?" मंडळाचा अध्यक्ष दिग्विजय म्हणाला. "एखादी बुडवा की. पुठ्ठ्याचीच तर आहे."

भाग्यश्रीने बुडवली. बुडायला काही कारण हवं, म्हणून रखवालदाराला झोपवलं. त्याचं नाव कुठे घातलंय, अशी मनाची समजूत घातली. अख्तरबानूंना सांगायचं मात्र ती उद्यावर ढकलत राहिली, आणि स्पर्धेचे परीक्षक दारात येऊन उभे राहिले.

त्यांच्यामागोमाग अख्तरबानूही आल्या, ठेवणीतली साडी नेसून. सोबत नात खुशनुमाच्या होणाऱ्या सासूबाई होत्या. त्यांना अब्बांची गोष्ट ऐकवायला हडपसरहून मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

दिवे मालवले. कर्ण्यातून भाग्यश्रीचाच आवाज घुमला, "...आणि दीपगृहाच्या शेवटच्या रखवालदाराचा डोळा लागला!" बोट कलंडली. मुलांनी टाळ्या पिटल्या. परीक्षकांनी कौतुकाने माना डोलावल्या. भाग्यश्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हे तुमचेच अब्बा का?" सासूबाईंनी दबकत विचारलं.

भाग्यश्रीच्या अगदी ओठांवर आलं होतं, 'खोटं आहे हे, मी रचलंय.' पण परीक्षक हाताच्या अंतरावर उभे होते आणि पहिला नंबर समोर दिसत होता.

"नाही हो," अख्तरबानू म्हणाल्या. "हे दुसरेच कुणी. माझे अब्बा फार आधीचे. हो ना, भाग्यश्री?"

आयुष्यभर ज्यांचा अभिमान मिरवला, ते अब्बा अख्तरबानूंनी तिच्यादेखत नाकारले होते. ते त्यांना परत द्यायला तिचं एक वाक्य पुरलं असतं. परीक्षक वळून बघत होते.

"हो," भाग्यश्री म्हणाली. "दुसरेच."