चौथा ग्लास

कारखान्यात त्याला सगळे नाकोबा म्हणत, आणि तोंडावर म्हणत. त्यालाही ते आवडायचं, उगाच खोटं कशाला बोला! व्हिस्की चाखण्यात बावीस वर्षं त्याचा पहिला नंबर, आणि स्वभाव असा की नाकावर माशी बसू द्यायची नाही.

त्या सकाळी टेबलावर सहा ग्लास होते. हलकी बर्बन, मक्याच्या जोडीला राय नावाचं धान्य नेहमीपेक्षा जास्त घातलेली. जड व्हिस्कीत दहा पापं झाकून जातात; हिच्यात काही लपत नाही. आधी मिरीचा झटका, मग पुदिना, मग हिरव्या सफरचंदाची साल, आणि शेवटी जीभ कोरडी. नाकोबा एकेक घोट तोंडात घोळवून बादलीत थुंकत होता आणि मध्ये मध्ये स्वतःच्या शर्टाची बाही हुंगत होता. सगळेच चाखणारे असं करतात. रोजचा आपला वास आपल्या नाकाला कळत नाही, म्हणून तो हुंगला की नाक पुन्हा कोरं होतं.

सहांपैकी एखादा ग्लास मुद्दाम बिघडवलेला असायचा. कुठला, ते फक्त प्रयोगशाळेला ठाऊक. चाखणाऱ्याचं नाक शाबूत आहे ना, याची ही परीक्षा. नाकोबा त्यात एकदाही चुकला नव्हता.

त्याने कागदावर लिहिलं, सहाही उत्तम.

समोर त्याची पंधरा वर्षांची जोडीदारीण बसली होती. पूर्वी शाळेत शिकवायची, म्हणून सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. तिने चौथा ग्लास नुसता नाकाजवळ नेला आणि तोंड फिरवलं.

"अगं बाई! काय मेलंय ह्यात?"

"कशात?"

"चौथ्यात हो! नासलेलं आंबवण घातलंय त्यांनी. आणि तुम्ही उत्तम काय लिहिताय? थट्टा करताय का माझी?"

नाकोबाने ग्लास पुन्हा हुंगला. मिरी, पुदिना, सफरचंद. बाही हुंगली, परत ग्लास हुंगला. "काही नाही त्यात," तो खेकसला. "तुम्हालाच सर्दी झालीय."

मास्तरीणबाई पुढे वाकली. "रागावू नका. हात जरा इकडे करा." तिने त्याची बाही नाकाशी धरली आणि लगेच सोडली. "नाकोबा, तुमच्या बाहीला हाच वास आहे. आठवडाभर येतोय. मला वाटलं, बादलीचा असेल." मग आवाज उतरवून म्हणाली, "माझ्या सासऱ्यांचा पाय सडला होता ना, तेव्हा घरात असाच यायचा. घरी कुणाला जखम आहे का हो?"

"कुणाला असणार? घरी मी आणि अक्का, दोघंच." बोलता बोलता तो उठून उभा राहिला.

अक्का त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचं मोठं केलं, त्यापायी स्वतःचं लग्नही केलं नाही. दोन वर्षांपूर्वी जिन्यावरून पडली आणि कमरेखालचं सगळं गेलं. तिला अंघोळ घालायला शेजारीण यायची. ती मुलीच्या बाळंतपणाला गेली, त्याला अठरा दिवस झाले होते. "दुसरी कशाला? ओल्या फडक्याने माझं मी पुसते," अक्का म्हणाली होती. भावाला पाठ दाखवायची तिला लाज. त्यानेही आग्रह केला नाही. काही बिघडलंच तर आपल्याला वास येईल की, असं त्याला वाटलं. खरंच वाटलं हो! रोज सकाळी पाठीखाली हात घालून तो तिला खुर्चीत बसवायचा आणि तोच शर्ट घालून कामावर यायचा. वास रोज थोडा थोडा वाढत गेला, आणि नाकाने तो घरचाच मानून टाकला.

तो धावतच घरी आला. अक्का खिडकीशी खुर्चीत बसून मटार सोलत होती.

"इतक्या लवकर? हाकललं की काय तुला?"

"अक्का, पाठ दाखव."

"काहीतरीच काय! लाज आहे की नाही?"

"दाखव म्हणतो ना!"

जन्मात तो तिच्यावर ओरडला नव्हता. तिने मुकाट्याने मटारांचं ताट बाजूला ठेवलं. त्याने तिला पुढे वाकवून पाठीवरचं कापड सारलं. माकडहाडावर तळहाताएवढी काळी जखम होती, आणि मधोमध हाड दिसत होतं. तो अगदी जवळ वाकला. डोळ्यांना सगळं दिसत होतं आणि नाकाला अजूनही काही येत नव्हतं.

इस्पितळात डॉक्टरीण बाहेर आली ती मान हलवतच. "विष रक्तात भिनलंय. दहा दिवस आधी आणलं असतं, तर काही करता आलं असतं. आता जवळ बसा त्यांच्या."

तो बसला. अक्का तापाने फणफणली होती, पण शुद्धीवर होती. त्याला रडू आवरेना.

"अक्का, बोलली का नाहीस गं? काहीच कळलं नाही तुला?"

"अंगात कसकस होती. परवा खुर्चीच्या गादीवर डागही दिसला. पण मला कमरेखालचं कळतंय कुठे?" ती त्याचा हात थोपटत राहिली. "म्हटलं, काही वाईट असतं तर तुलाच आधी वास आला असता. रोज सकाळी मला उचलायचास, पण एकदाही नाक मुरडलं नाहीस. म्हणून मी निर्धास्त होते रे."