दोन्ही बाजूंनी कबूल

कोर्टाबाहेरच्या टायपिस्टने माझं उत्तर वीस मिनिटांत तयार केलं. आठ परिच्छेद, आणि आठही ठिकाणी एकच शब्द: नाकबूल.

हप्त्याने शिलाई मशीन देणाऱ्या कंपनीने माझ्यावर दावा लावला होता. हप्ते थकले तेव्हा त्यांचाच माणूस येऊन मशीन घेऊन गेला. पावती ऑफिसातून येईल म्हणाला, ती कधी आलीच नाही. आता कंपनी म्हणत होती, मशीन परत मिळालंच नाही, पुरावा घेत न बसता थेट निकाल द्या. त्या अर्जाला उत्तर द्यायचा आजचा शेवटचा दिवस. कागद दाखल करायची खिडकी साडेचारला बंद होणार. उत्तर गेलं नाही तर सगळं कबूल धरणार, आणि खोलीतली उरलेली दोन मशीनं जप्तीत जाणार. मग शिवायचं कशावर?

"सही ठोका वहिनी, चार वाजत आले," नणंद म्हणाली. तिने दोनदा बाकावरून उठून खिडकीची रांग बघून घेतली होती.

माझा पेन तिसऱ्या परिच्छेदावर अडला. "करारावर माझी सही आहे, असं लिहिलंय त्यांनी. ती माझीच आहे. हे नाकबूल कसं?"

"बाई, इथे सगळं नाकबूलच असतं," टायपिस्ट म्हणाला. "सिद्ध करू दे त्यांना. उत्तर कोर्टाला द्यायचंय, देवाला नाही."

"सकाळी जपाला बसून त्याला एक सांगायचं आणि चारला दुसरं, हे मला जमायचं नाही हो."

"आली सत्याची मावशी," नणंद पुटपुटली. "मशीनं उचलून नेली की बसा जप करत."

तिचंही खोटं नव्हतं. तरी म्हटलं, "आधी करार बघू दे. न बघता कबूल तरी कसं लिहू?"

कंपनीने अर्जासोबत जोडलेला गठ्ठा मी उलगडला. करार तळाशी होता. सही माझीच, शेवटच्या अक्षराला शेपूट असलेली. पान उलटलं. झेरॉक्स काढणाऱ्याने मागची बाजूही काढली होती. तिथे पेनने तिरकं लिहिलेलं: मशीन परत आणले, सुई नाही. खाली तारीख आणि मशीन घेऊन गेलेल्या त्या माणसाची सही.

मी कागद नणंदेपुढे धरला. तिने दोनदा वाचला.

"हे त्यांनीच जोडलंय?"

"त्यांनीच."

"आणि आपण करार नाकबूल म्हटला असता तर?"

"मागची बाजूही नाकबूल झाली असती," टायपिस्ट म्हणाला. त्याने चष्मा पुसला आणि नवा कागद चढवला. तिसऱ्यापुढे त्याने लिहिलं: कबूल, दोन्ही बाजूंसह. कंपनीला मशीन मिळालं नाही, हे तेवढं नाकबूल.

चार सत्तावीसला शिक्का पडला.

पुढचे नऊ दिवस माझी एक शिवण सरळ आली नाही. दिवसा उसवायचं, पुन्हा शिवायचं. कबूल म्हणून मी माझाच गळा तर कापला नाही ना? जपाला बसले तरी बोटं मणी सोडून परिच्छेद मोजायची.

सुनावणीला कंपनीचे वकील खुशीत होते. "प्रतिवादीने करार स्वतःच कबूल केलाय, साहेब. आता राहिलं काय?"

"मागची बाजू राहिली," न्यायाधीश म्हणाले. "तुम्ही वाचलीत का?"

वकिलांनी पान उलटलं आणि ती तिरकी ओळ वाचली.

अर्ज नामंजूर झाला. पुरावा घेतला जाणार, तोवर जप्ती नाही.

"आता तरी चेहरा सैल करा," जिन्यावर नणंद म्हणाली. "मशीनं खोलीतच आहेत ना?"

"आहेत हो. पण पुढच्या तारखेला त्या माणसाला साक्षीला बोलावलंय."

"मग?"

माझं खरं सांगून झालं होतं. त्याला कंपनी पगार देते. तो काय सांगेल, हे माझ्या हातात नव्हतं.