फणीवरचं फुलपाखरू

एकोणीसशे शहाऐंशी साली धुळ्याच्या कलाप्रदर्शनात लीलाधर फिरकेला पहिलं बक्षीस मिळालं. पण असं काही घडलंच नाही, असं प्रदर्शनाच्या कार्यालयाचं म्हणणं आहे. तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

"हे काय आणलंय?" परीक्षक साहेबांनी विचारलं.

"फुलपाखरू, साहेब."

प्रदर्शन भरलं होतं त्या देवपूरच्या शाळेतल्या टेबलावर बारा हिरव्या केळ्यांची एक फणी होती. साहेबांनी ती उलटीही करून पाहिली.

"कुठंय?"

"परवा येईल."

लीलाधर फैजपूरचा. वीस वर्षं तो जवळच्या स्टेशनवर दिल्लीच्या डब्यांत केळीचे घड रचत होता. डबा लागेपर्यंत बसल्या बसल्या बाभळीच्या काट्यानं हिरव्या सालीवर चित्र टोचायचा. काटा खोल गेला की ठिपका संध्याकाळपर्यंत काळा पडतो. हलका टेकवला, तर साल पिवळी झाल्यावरच उमटतो. त्यामुळे त्याचे हत्ती भोपाळच्या आसपास उठायचे आणि मोर थेट दिल्लीत पिसारा फुलवायचे. दिल्लीकर ते सोलून फेकायचे. लीलाधरनं स्वतः एकही चित्र पुरं झालेलं पाहिलं नव्हतं. एकदा घरी आणून ठेवलं, तर बायकोनं, धुरपदाबाईनं, दुसऱ्याच दिवशी मोराची भाजी केली.

या वेळी एकाच फणीवर अळी खोल टोचली होती, कोष मध्यम, आणि फुलपाखरू इतकं हलकं की केळ्यालाही कळलं नसावं.

साहेबांनी वहीत 'चित्र आढळले नाही' असं लिहिलं आणि शाळेचा शिपाई वना याला फणी उचलायला सांगितली.

"नाना, दोन दिस राहू द्या. तुमच्या पाया पडतो," लीलाधर म्हणाला.

"भाऊ, हाई ते निस्तं केळं शे. साहेबनी सांगेल शे, मी काय करू?"

संध्याकाळी आवराआवर करताना वनानं फणीला हात घातला आणि झटक्यात मागे घेतला.

"ओ माय! आळी शे रे!" त्यानं झाडू उगारला.

"मारू नका, नाना! चितर हाये ते!"

वनानं झाडू खाली केला, वाकून पाहिलं, बोट लावलं. मग खुर्ची ओढली आणि फणीशेजारी बसला. दोन दिवस तो तिथून हलला नाही. दुसऱ्या दिवशी साल पिवळसर झाली, कोष दिसू लागला. सगळं देवपूर येऊन गेलं. बाळंतिणीची चौकशी करावी तसं लोक रस्त्यातच विचारायचे, "काय वनानाना, सुटनं का?"

"आजून नही," वना गंभीरपणे सांगायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी फणीतल्या सात केळ्यांवर पंख पसरून फुलपाखरू बसलं होतं.

धुरपदाबाई पहाटेच्या एसटीनं आली होती. ती बराच वेळ पाहत राहिली. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "त्या मोराची भाजी मी उगीच केली."

साहेबांनी वहीतली ओळ खोडून 'प्रथम' असं लिहिलं. टाळ्या झाल्या. वनाचा फेटा तीनदा सुटला. दुपारपर्यंत सालीवर पिकल्याचे डाग चढू लागले आणि पंखांच्या कडा त्यात विरघळायला लागल्या. लीलाधरनं फणी उचलली.

"खा आता. उद्यापर्यंत उडून जाईल."

बारा जणांना बारा केळी. लीलाधर खाणाऱ्यांची तोंडं पाहत उभा राहिला. दिल्लीतली तोंडं त्याला कधी दिसली नव्हती. साहेब म्हणाले, "फारच गोड काम आहे," आणि साल खिशात घालून गेले.

महिन्याभरानं पत्र आलं. बक्षीसपात्र कलाकृती कार्यालयात कायमस्वरूपी जमा न केल्यास बक्षीस दिलेच नाही असे समजण्यात येईल. खाली साहेबांचीच सही.

लीलाधरनं रात्रशाळेतल्या अक्षरात उत्तर पाठवलं:

'सदर कलाकृती सोबतच्या यादीतील बारा इसमांच्या पोटी जमा आहे. पैकी अनुक्रमांक एकचे इसम आपण स्वतः आहात. तरी बाराही इसमांची कायमस्वरूपी संग्रहात नोंद घेऊन त्यांना दरवर्षी प्रदर्शनात मांडण्यात यावे, व कोणी हात लावू नये अशी पाटी शेजारी ठेवावी, ही नम्र विनंती.'